टोपीखालची नजर

चौकातला दिवा लाल झाला आणि बाईंच्या पुढ्यात बाईंचाच डोळा येऊन उभा राहिला. बसच्या कुशीवर चिकटवलेला, हत्तीच्या कानाएवढा डोळा. पापणीचा एकेक केस छत्रीच्या काडीइतका. आणि बुबुळाच्या अगदी वर, खिडकीतून बाहेर आलेलं कुणाचं तरी कोपर. दुसरा डोळा मागल्या चाकाच्या वर. मध्ये ते नाक, एके काळी देशभर गाजलेलं, आणि त्यावर चिखलाचा एक शिंतोडा. बाईंच्या एका हातात पावाची पिशवी, दुसऱ्या हातात बटाट्यांची, डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला. बसवरच्या बाईचा आणि या बाईंचा संबंध जोडायचा तर त्यासाठी पोलीसच बोलवावे लागले असते. खाली जाड अक्षरांत लिहिलं होतं, की जुना सिनेमा नवा करून, धुऊनपुसून, शनिवारी संध्याकाळी पुन्हा दाखवणार. ते बाईंना ठाऊक होतं. पहिल्या रांगेतली खुर्ची, फुलांचा गुच्छ, दोन शब्द बोलणं, सगळं ठरलेलं होतं. आयुष्यभर त्यांनी चेहरेच विकले, आणि विकलेला माल पुन्हा बाजारात दिसला म्हणून दुकानदार काही दचकत नाही. त्या दचकल्या शेजारच्या म्हातारीमुळे. छत्री टेकून उभी असलेली ती म्हातारी बसकडे बघत, कुणाला म्हणून नाही, आपली सहज बोलली, "कुणाकडे बघतेय हो ही, एवढा जीव डोळ्यांत आणून?" आणि बाईंच्या ओठांपर्यंत उत्तर आलं, "ताईकडे." आलं आणि तिथंच अडकलं. दिवा हिरवा झाला, डोळा निघून गेला, म्हातारी रस्ता ओलांडून पलीकडे गेली, आणि बाई तोंड किंचित उघडं ठेवून पदपथावर उभ्या राहिल्या, माशाला पाण्याबाहेर काढून पुन्हा आत टाकायला कुणी विसरावं तशा.

सकाळीच ते झालं होतं. ताईनं पावाला लोणी लावता लावता, कडेपर्यंत नीट पसरत, सांगून टाकलं होतं, "शनिवारी सकाळच्या गाडीनं मी भाचीकडे चाललेय. राहायला." "किती दिवस?" "राहायला म्हटलं की दिवस मोजत नाहीत." कारण साधं होतं. तिसरा मजला, लिफ्ट नाही, आणि ताईचे गुडघे. लहान गावात भाचीचं घर तळमजल्यावर, दारात दोन पायऱ्या, त्याही उथळ. यावर बाई म्हणाल्या होत्या, "जा की." मान जराशी वळवून, भुवई किंचित वर, आवाजात पिसासारखा हलकेपणा. छान म्हटलं होतं. इतकं छान, की ताईनं लोण्यावरची नजरही न उचलता उत्तर दिलं, "हेर बाईचा सिनेमा. प्रियकराला गोळी घातल्याचं कळतं तेव्हाचं. त्यात पुढं साखर मागतेस, ती राहिली." आणि हे खरंच होतं. खरं दुःख समोर आलं की त्यांच्या चेहऱ्याला काही सुचतच नसे. मग तो बिचारा कपाट उघडी, हाताला लागेल तो जुना चेहरा काढी आणि चढवी. आणि ते कपाट ताईनंच लावलेलं. कुठला चेहरा कुठल्या घडीत आहे हे डोळे मिटून सांगू शकणारी ती जगात एकटीच. लाखो माणसं ज्या चेहऱ्यावर विश्वास ठेवत आली, त्यावर विश्वास न ठेवणारं एकच माणूस, आणि त्याच माणसाला आता 'जाऊ नकोस' म्हणायचं होतं. शनिवार तर परवाच होता.

पिशव्या या हातातून त्या हातात करत बाई चालू लागल्या. ताईमुळेच तर सगळं झालं. आई गेलेली, वडील असून नसल्यासारखे. ताई स्टुडिओच्या शिवणखोलीत बटणं लावायला जाई आणि धाकटीला घरी कुणाच्या भरवशावर ठेवणार म्हणून कपड्यांच्या गठ्ठ्यात बसवून ठेवी. एकदा दिग्दर्शकाला, म्हणजे ज्यांना सगळे मास्तर म्हणत त्यांना, रडणारं मूल हवं होतं. आणलेलं मूल हसतच होतं. खेळणी मोडली, चिमटे काढले, तरी हसतच. तेवढ्यात शिवणखोलीतून असा टाहो आला की म्हणे बाहेर उभ्या घोड्यानंही मान खाली घातली. काय झालं होतं? तर ताईनं धाकटीच्या हातातलं बिस्कीट काढून घेतलं होतं, कारण त्याला सुई टोचलेली होती. बिस्कीट गेलं आणि देशाला नटी मिळाली. पुढं त्या नटीबद्दल काय काय सांगत! आंधळ्या फुलवालीच्या सिनेमात ती अशी रडली की एका थिएटरात पुढच्या रांगांच्या गाद्या वाळत घालायला गच्ची कमी पडली. एका जहाजाच्या कप्तानानं मध्यंतरापर्यंत सिनेमा पाहून जहाज सोडलं आणि उरलेला पाहायला अर्ध्या समुद्रातून परत वळवलं. यातलं किती खरं आणि किती तिखटमीठ, ते कप्तानालाच ठाऊक. मग नायिकेची आई झाली, आईची सासू झाली, सासूची न्यायाधीश झाली, आणि शेवटच्या सिनेमात तर बाईंना भिंतीवरच्या फोटोचं काम मिळालं. तेही त्यांनी इतकं मन लावून केलं की प्रेक्षक म्हणाले, फोटो श्वास घेतो. मग तेही थांबलं. तिसऱ्या मजल्यावर दोघी बहिणी उरल्या, एक चहात साखर घालायची आणि दुसरी ती कमी झाली म्हणायची.

कोपऱ्यावरच्या चांभाराच्या टपरीपाशी कातड्याचा वास आला आणि बाईंना टोपी आठवली. आठवली म्हणजे नाकानं आठवली. टोपीच्या आतल्या पट्टीला घामाचा, तेलाचा आणि खोकल्याच्या औषधाचा मिळून एक वास होता. टोपी साहेबांची. साहेब म्हणजे नायक. सगळा स्टुडिओ त्यांना साहेबच म्हणे आणि तेही स्वतःला मनात साहेबच म्हणत असावेत. रीत अशी होती की जवळून घ्यायचे शॉट आधी साहेबांचे व्हायचे. तेव्हा धाकटीनं कॅमेऱ्याशेजारी उभं राहून त्यांना वाक्यं द्यायची, डोळ्यांत डोळे घालून. साहेबांचं झालं, की दिवे फिरवून तिचे घ्यायचे. आणि दिवे फिरेपर्यंत साहेबांची मोटार फाटकाबाहेर. समोर प्रेम करायला माणूस नाही आणि प्रेम तर करायचंच. मास्तरांनी तोड काढली. एक दांडी आणली, तिच्या टोकाला साहेबांची टोपी अडकवली, साहेबांच्या उंचीला. आणि दांडी धरायला, वाक्यं वाचायला ताईला उभं केलं. शिवणखोलीतून आलेली, ओठांत टाचणी तशीच. "टोपीखाली बघायचं," मास्तर सांगत. "तिथं त्याचा चेहरा आहे असं धर. ताईकडे बघू नकोस, ती नुसती दांडीला आहे." आणि ताई वाचायची. काय वाचायची! "'माझ्यावाचून तू जगशील, असं एकदा म्हण.' स्वल्पविराम. 'म्हण, आणि मी निघून जाईन.' आवाज भरून येतो. हं, आता तू." कंसातलंही ती वाचून टाकी, आणि आवाज भरून येतो म्हणताना तिचा आवाज उन्हाळ्यातल्या टाकीसारखा खडखडीत. दिवेवाले तोंडात रुमाल कोंबून उभे राहत. आणि धाकटी त्या खडखडाटाला उत्तर द्यायची, "नाही जगणार," आणि दिवेवाल्यांचे रुमाल तोंडातून निघून डोळ्यांना लागायचे.

पहिल्याच वेळी तिनं टोपीखाली बघितलं होतं. खूप प्रयत्न केला होता. टोपीखाली हवा होती. हवेवर प्रेम करणं काही सोपं नाही, निदान त्या वयात नाही. नजर आपसूक घसरली, वीतभर खाली आली आणि टेकली. तिथं ताईचं डोकं होतं. कागदावर वाकलेलं, कारण लेखकाचं अक्षर म्हणजे पाय मोडलेल्या मुंग्या. एक ओळ चुकली तर शॉट वाया जाणार, म्हणून ताई जिवाच्या आकांतानं कागदात बघत असे. घरी तालमीत ती चेहरे पारखायची, बाजारात वांगी पारखावीत तशी, उलटून पालटून: "हा शिळा आहे. हा कालच्यातला. हा ठेव." पण दिवे लागले, सगळा स्टुडिओ श्वास धरून थांबला, की ताईचं डोकं खाली. मग दिसायचा तो भांग. सरळ, पांढरी रेघ, एका टोकाला थोडी वाकलेली, कारण आरसा सगळा वेळ धाकटीकडे. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. दांडी धरलेला हात. त्या भांगाकडे बघत धाकटीच्या मनात एकच एक येई, दुसरं काही येतच नसे: वर बघ ना, ताई. एकदा. आत्ता. बाकी काही नाही. ना विरह ना मीलन. आणि तेवढ्यात कॅमेरा फिरत असे. कॅमेरावाला पहिल्याच दिवशी कुरकुरला, "नजर वीतभर खाली पडतेय." मास्तर म्हणाले, "पोरगी पेटलीय, चालू दे." चाललं. चाललं म्हणजे असं चाललं की ती नजर देशाची झाली. त्या वर्षी पोरी माना खाली घालून चालू लागल्या आणि मानेच्या डॉक्टरांनी म्हणे नवीन घरं बांधली. एका प्राध्यापकांनी प्रबंध लिहिला, की नायिका नायकाच्या डोळ्यांत न बघता त्याच्या हृदयाकडे बघते. त्या प्रबंधातून त्यांना पदवी आणि बायको दोन्ही मिळाल्या. पुढच्या सिनेमांत मास्तरच सांगू लागले, "ती तुझी खालची नजर दे." आणि ती देत गेली, भांगाकडे बघून, आणि भांगाशेजारचे केस सिनेमागणिक पांढरे होत गेले. हे ताईला कधी सांगितलं नाही. सांगायचं काय त्यात? आपण श्वास घेतो हे कुणी सांगतं का? आणि ताई थिएटरात जाऊन बघेल तर तेही नाही. अंधार आणि मऊ खुर्ची मिळाली की नावं संपायच्या आत ती घोरायला लागे.

जिन्याशी आल्यावर बाईंनी वर बघितलं. पहिल्या वळणावर त्या थांबल्या आणि हलकेच म्हणून पाहिलं, "ताई, तू गेलीस तर मी काय करू?" जरा रुसवा होता त्यात, बरा वाटला. दुसऱ्या वळणावर रुसवा काढून विनोद घातला, "तू गेलीस तर चहात साखर कमी आहे हे मला कोण सांगणार?" हेही बरं. वरच्या वळणावर आवाज थोडा खाली घेतला, शेवटचा शब्द अर्धवट सोडला, आणि तो सोडता सोडता त्यांना स्वतःची अशी काही किळस आली की बटाट्यांची पिशवी तिथंच ठेवून त्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या. सख्ख्या बहिणीला थांब म्हणायला तालीम. दुसरी माणसं हे कसं करत असतील? त्यांना कुणी वाक्यं लिहून देत नाही, दिवे लावत नाही, आणि तरी रोज या शहरात हजारो माणसं हजारो माणसांना थांब म्हणत असतील, आणि बरीच थांबतही असतील.

दार उघडंच होतं. पलंगावर पेटी उघडी, आणि ताई लोकरीचे कपडे घड्या घालून त्यात रचत होती.

"जिन्यात थांबत थांबत आलीस," ती म्हणाली.

"दम लागला."

"तुझा दम मला ठाऊक आहे, चिमे. दमलीस की चप्पल घासतेस. तू तालीम करत होतीस."

बाईंनी पिशव्या खाली ठेवल्या. "ताई, जाऊ नकोस." आवाज तुटला. नेमका जिथं तुटायला हवा तिथंच तुटला, मेला.

ताईनं एक बाही आत दुमडली. "आंधळी फुलवाली. शेवटचं रीळ. तेव्हा बरं केलं होतंस."

"अगं, खरं म्हणतेय मी!"

"ही न्यायाधीशाची बायको. हात टेबलावर आपटायचा असतो यात."

बाईंचा हात टेबलाच्या दिशेनं अर्धा निघालेला होताच. तो त्यांनी मागे घेतला आणि खुर्चीत बसल्या. जे काढावं त्यावर आधीच शिक्का. रागावून उठून जावं, तर तेही एका सिनेमात झालेलं. गप्प बसावं, तर गप्प बसण्याबद्दल एकदा बक्षीस मिळालेलं. खाली कुणीतरी बादलीत पाणी सोडत होतं आणि बादली भरत आली तसा आवाज बारीक होत गेला.

"भाचीचा फोन होता," ताई म्हणाली. "तुझी बस तिनं टीव्हीवर बघितली. शनिवारी साहेबही येणार आहेत म्हणे, चाकांच्या खुर्चीतून. चांगलं झालं. एकदा तरी टोपीत खरा माणूस असेल तुझ्यासमोर." मग घडी हातातच ठेवून, कपाटाशी बोलल्यासारखं, "माझं काय गं. दांडी धरायला बाई लागत होती तोवर ठीक होतं. आता मी इथं नुसते जिने चढते. मास्तर म्हणायचेच ना, तिच्याकडे बघू नकोस, ती दांडीला आहे."

"टोपीत कधीच कुणी नव्हतं," बाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"मी टोपीकडे बघितलंच नाही. तुझ्याकडे बघत होते."

"थापा."

"नजर खाली पडलीय ताई. वीतभर. सगळ्या जगानं बघितलीय. प्राध्यापकानं पुस्तक लिहिलंय, साहेबांच्या छातीकडे बघते म्हणून."

"साहेबांच्या छातीत बघण्यासारखं काय होतं? कापूस होता. मीच भरायचे."

"तेच सांगतेय. तिथं तुझं डोकं यायचं."

ताईनं कपडा खाली ठेवला आणि उजवा हात आपल्या डोक्यावर, जरा वर, हवेत धरला, माप घेतल्यासारखा. शिवणखोलीतला हात, वीत म्हणजे वीत. मग डावा हात पुढे धरला, कागद असल्यासारखा, आणि मान वाकवली. तशी ती थोडा वेळ उभी राहिली, एक म्हातारी बाई दुपारच्या उजेडात नसलेली दांडी धरून नसलेला कागद वाचतेय अशी, आणि कुणी बघितलं असतं तर डॉक्टरला बोलावलं असतं.

"मी कागदात बघत होते," ती तशीच वाकून म्हणाली.

"हो."

"एकदाही वर बघितलं नाही मी?"

"ओळ चुकली असती."

"त्या मेल्याचं अक्षरच तसं होतं." तिनं हात खाली घेतले. पलंगाच्या कडेवर बसली, चष्मा काढला, पदराचं जे टोक हाताला लागलं त्यानं पुसला आणि पुन्हा लावला. "तुझ्या तालमी सगळ्या बघितल्या मी. टेक एकही नाही. बघ आता."

"आत्ता?"

"मग कधी? बघ माझ्याकडे."

बाईंनी बघितलं. आणि चेहरा सवयीनं कपाटाकडे धावला, पण कपाटाची मालकीण तर समोर बसून टक लावून बघत होती; त्याला काही हाताला लागेना. तो मधेच कुठेतरी उभा राहिला. बाईंना कळेना तो काय करतोय. गालाचा एक स्नायू उगाच उडत होता, असा तो आयुष्यात कधी उडाला नव्हता. नाकात पाणी आलं आणि ते डोळ्यांतल्या पाण्याच्या आधी आलं, जे कुठल्याही मास्तरनं चालवून घेतलं नसतं. समोर भांग नव्हता. दोन डोळे होते, चष्म्यामागे मोठे झालेले, एकात मोतीबिंदूची सुरुवात, आणि ते त्यांच्यावरच होते. ज्याची एवढी वर्षं वाट पाहिली ते समोर आल्यावर माणसाला सुटल्यासारखं वाटत असेल असं त्यांना वाटे. तसं नव्हतं. थंडीतून आत आल्यावर बोटं दुखू लागतात, तसं होतं. ताई एकेक रीळ मनात फिरवत होती, हे दिसत होतं; तिच्या भुवया जुळायच्या, सुटायच्या, पुन्हा जुळायच्या.

"हा कुठला?" शेवटी तिनं विचारलं.

"माहीत नाही."

"बरा नाहीये. ओठ वाकडा झालाय."

"हो."

"मास्तरांनी कापून टाकला असता."

"हो."

ताई तरी बघतच राहिली. मग पुढं वाकून तिनं अंगठ्यानं बाईंचं नाक पुसलं, सुई टोचलेलं बिस्कीट काढून घ्यावं तसं, विचारल्याशिवाय. "जाणार मात्र मी शनिवारी, चिमे. गुडघे काही तुझ्या तोंडाकडे बघून बरे होत नाहीत."

यातलं खरं बाईंना एकदम पटलं. सिनेमात 'जाऊ नकोस' म्हटलं की माणूस थांबे, नाहीतर जाई आणि मरे. तिसरं काही कुठल्या लेखकाला सुचलं नव्हतं, आणि त्यामुळे त्यांनाही कधी सुचलं नव्हतं.

"मग मी येते," त्या म्हणाल्या. पुढं काय बोलायचं ते ठाऊक नव्हतं, तरी म्हणाल्या.

"आणि समारंभ? साहेब? फुलं?"

"चेहरा फिरतोय ना गावभर. तो जाईल. माझं काय काम तिथं?"

"भाचीकडे खोली एकच आहे."

"मावू आपण."

"तू झोपेत बडबडतेस. जुने संवाद."

"तू ऐकतेस?"

"ऐकते म्हणजे? पुढचं वाक्य मी म्हणते, तेव्हा कुठं तू गप्प झोपतेस. एकेकदा कंसातलंही म्हणावं लागतं." ताई पलंगाचा आधार घेत उठली. पेटीतून तिनं आपले लोकरीचे कपडे एकेक करून बाहेर काढले, नाखुशीनं, प्रत्येकाकडे एकदा बघत, आणि खुर्चीच्या पाठीवर टाकले. पेटीची एक बाजू तळापर्यंत मोकळी झाली. तिनं ती हातानं झटकली, आणि पावाची पिशवी उचलून स्वयंपाकघराकडे जाता जाता, मागं न बघता म्हणाली,

"जड काही घालू नकोस. उचलायची मलाच आहे."